खुणेचं नाव

"पाट सुटला, पाणी आलं, वाट पुसंना कुनाला…"

उदयसिंहाच्या कानांत जगातला एवढाच आवाज उरला होता. मलकापूरच्या शिवारात, उसाच्या बांधावर उभी राहून आई गात होती आणि सहा वर्षांचा उदय पाटाच्या पाण्यातून थबाथबा पाय आपटत तिच्याकडं येत होता. दुसरी ओळ यायच्या आधीच तिनं हाक घातली, "उद्याऽऽ, भाईर ये रं, थंडी भरंल!" आणि भरलीच. थंडी, मग ताप, मग कराडचा दवाखाना. सतरा दिवसांनी तो घरी आला तेव्हा आईचे ओठ हलत होते, डोळे वाहत होते, आणि आवाज मात्र कुठूनच येत नव्हता.

अठ्ठावीस वर्षं तो ती एक ओळ जपून होता. पुढची ओळ काय होती, हे आईला विचारावं असं कितीदा मनात यायचं. पण गाणं काय कागदावर लिहून मागायची गोष्ट आहे? राहिलंच ते.

आता तो सांगलीत, विश्रामबागेतल्या 'निनाद कर्णबधिर विद्यालया'त गणित आणि चित्रकला शिकवत होता. बारा वर्षं झाली होती. शाळेचं नाव 'निनाद' ठेवणाऱ्याला मुलं मनापासून हसायची.

ती भेटली तो जुलैतला शुक्रवार. सातवीची चाचणी चालू होती, पोरं अपूर्णांकांशी झोंबत होती, आणि फळ्यावरचा लाल दिवा लागला. एकदा. दोनदा. तीनदा!

निनादमध्ये घंटा नाही. प्रत्येक वर्गात एकेक दिवा. एकदा लागला की तास संपला, दोनदा लागला की डबे उघडायचे, आणि तीनदा लागला की शाळा सुटली. त्याचं एक बटण मुख्याध्यापकांच्या खोलीत आणि एक फाटकापाशी, शिपायाच्या हाताशी. पोरांनी दिव्याकडं बघितलं, एकमेकांकडं बघितलं, आणि पेपर तिथंच टाकून अशी सुटली… की उदय दारात आडवा उभा होता तरी त्याच्या काखेखालून निघून गेली.

तो तिरमिरत फाटकाशी आला. तिथं एक मुलगी उभी. खांद्याला पिशवी, काखेत फाइल, मिटलेल्या छत्रीतून पाणी गळतंय… आणि बोट अजून बटणावरच! पोरांचा लोंढा दोन्ही बाजूंनी वाहत होता आणि ती मोकळ्या हातानं "थांबा, थांबा" करत होती.

त्याला बघून तिचे ओठ भराभर हलले. ओठ वाचणं त्याला यायचं, आवडायचं नाही. एवढं कळलं: "बेल वाजतच नव्हती… म्हणून परत परत…"

त्यानं खिशातला खडू काढला आणि फाटकाच्या काळ्या पत्र्यावर लिहिलं — बहिऱ्यांच्या शाळेत बेल वाजायची वाट बघत होता?

दुसरी कुणी असती तर खाली मान घातली असती. हिनं त्याच्या बोटांतून खडू काढून घेतला आणि खाली लिहिलं — चुकलं. चौथ्यांदा दाबलं तर परत येतात का?

हसायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं. पण तिच्या नाकाच्या शेंड्यावर खडूचा पांढरा ठिपका लागला होता, आणि तिला ते माहीत नव्हतं…

मग तिनं छत्री खाली ठेवली, फाइल गुडघ्यांत धरली आणि दोन्ही हात वर केले. पुण्यात वर्गाला बसून शिकलेले हात. पाटीवर अक्षर गिरवावं तसे जपून चालणारे. "मी वल्लरी. साताऱ्याची. पीएच.डी. करते. सातारा-सांगलीतल्या कर्णबधिर शाळांचं नेतृत्व, असा विषय आहे."

"नेतृत्व तिकडं बसतं," उदयनं मुख्याध्यापकांच्या खोलीकडं बोट केलं. "जागं असलं तर भेटेल."

* * *

बहिऱ्यांच्या जगात प्रत्येकाला खुणेचं एक नाव असतं. ते स्वतः घेता येत नाही. बहिऱ्यांनी द्यावं लागतं. उदयची डावी भुवई लहानपणी उसाच्या पात्यानं कापली होती, म्हणून भुवईवर बोटाची टिचकी म्हणजे उदयसर. मिशीला पीळ दिला की मुख्याध्यापक हंबीरराव सर. मनगटावर दोन बोटं आपटली की संस्थेचे सचिव वीरधवलराव, कारण ते शाळेत आले की घड्याळाशिवाय दुसरीकडं बघायचेच नाहीत.

पाहुण्यांना नाव मिळत नसे. तो उदयचा नियम होता. शाळेत कॅमेरे आले होते, केळी आली होती, प्रश्नावल्या आल्या होत्या. पोरांनी लळा लावायचा, नाव द्यायचं, आणि माणूस फोटो काढून निघून जायचा. मग महिनाभर पोरं फाटकाकडं बघत त्या नावाची खूण करत राहायची. पाहुण्यांना काय, दुसऱ्या दिवशी आठवणसुद्धा नसायची.

"वल्लरी मॅडमना नाव द्या की सर," जतहून आलेली मयूरी दर शुक्रवारी मागं लागायची. आठवीतली पोर, हात जिभेपेक्षा तिखट.

"पाहुणी आहे. जाईल."

"दर शुक्रवारी येणारी पाहुणी असते होय?"

खरंच ती दर शुक्रवारी यायची. साताऱ्याहून पहिल्या एस.टी.नं निघायची आणि दिवा एकदा लागायच्या आत हजर. पहिल्या महिन्यात तिनं हंबीरराव सरांची मुलाखत घेतली. सर अकरा वर्षं मुख्याध्यापक होते, माणूस देवासारखा, आणि खुणा मात्र चारच येत — बस, ऊठ, गप्प, शाब्बास. मग तिनं मुलांना प्रश्नावली वाटली. "शाळेच्या निर्णयप्रक्रियेत आपला सहभाग कितपत आहे?" असले प्रश्न आणि पुढं चौकोन. मयूरीनं एक आड एक चौकोन भरून सुरेख नक्षी काढली. बाकीच्यांनी तिचं बघून तशीच.

उदयनं तो गठ्ठा वल्लरीपुढं ठेवला. "याला उत्तर म्हणत नाहीत. रांगोळी म्हणतात."

"मग कसं विचारू?"

"कागद ठेव. हातानं विचार."

तिनं पोरांना मैदानात गोल बसवलं आणि जपून, एकेक खूण सुटी करत विचारलं, "शाळेत काही अडलं, भांडण झालं, घरची आठवण आली… तर कुणाकडं जाता?"

साठ बोटं साठ भुवयांवर गेली. टिच्, टिच्, टिच्.

वल्लरीचं पेन वहीवर थांबलं. तिनं वळून बघितलं तर उदयसर कडुनिंबाच्या झाडाकडं असं निरखून बघत होते जणू ते झाड आजच उगवलंय. कानाच्या पाळ्या मात्र लाल झाल्या होत्या.

"नेतृत्व इथं बसतं होय," ती म्हणाली.

"किती दिवसांचं काम आहे तुझं?" त्यानं विषय बदलला.

"डिसेंबरपर्यंत."

* * *

संध्याकाळी तो तिला स्टँडवर सोडायला जायचा. रस्त्यात हळदीच्या गोदामांचा वास नाकात बसायचा. भडंगाचा पुडा घेतला की दोघांची पंचाईत. पुडा धरावा तर बोलता येत नाही आणि बोलावं तर भडंग सांडतं. एकजण बोलायचा तेव्हा दुसऱ्यानं पुडा धरायचा, असा करार झाला. करार तीच मोडायची. पुडा त्याच्या हातात देऊन अर्धा तास बोलत राहायची, आणि तो बिचारा दोन्ही हात भरलेले, नुसता भुवया उडवत उत्तरं देत उभा.

खरी मजा गाडी लागल्यावर. एस.टी.ची खिडकी नेहमी अडकलेली. बाकीची माणसं काचेवर ओठ लावून ओरडत असायची, "पोचलास की फोन कर रं! आरं, फोऽऽन!" आत बसलेल्याला काही ऐकू येत नसायचं. आणि हे दोघं काचेच्या अल्याड-पल्याड निवांत गप्पा मारत असायचे.

"पुढच्या शुक्रवारी काय आणू? कंदी पेढे?"

"मोकळे हात आण. पिशव्या घेतल्यास की मुकी होतेस."

"आणि तू बोलायला लागलास की माझ्या गाड्या चुकतात. मागच्या वेळी तीन चुकल्या."

"चौथी तर मिळाली."

"तीही चुकवायची होती…" एवढं म्हणून तिनं एकदम केस सावरले, जणू हात त्याच कामासाठी वर गेले होते.

डिसेंबर आला. मैदानात पोरं उन्हाला पाठ देऊन बसू लागली. मग डिसेंबर गेला, जानेवारी आला, आणि पहिल्याच शुक्रवारी, बरोबर तास संपताना, फाटकावरचं बटण एकदा, शहाण्यासारखं एकदाच, दाबलं गेलं.

"काम झालं नाही अजून?" उदयनं विचारलं.

"बरंच बाकी आहे," ती म्हणाली, आणि फाइलची गाठ सोडत बसली. गाठ नव्हतीच तिला. साधी दोरी होती.

त्यानं पुढं विचारलं नाही. विचारलं असतं आणि तिनं तारीख सांगितली असती तर? त्याच्याकडंही एक गोष्ट होती, जुलैपासून मुठीत धरलेली. तिच्यासाठी नाव त्याच्या हाताला पहिल्याच दिवशी सुचलं होतं. अंघोळ करताना, फळा पुसताना ती खूण बोटांत यायची आणि तो मूठ मिटायचा. दिलं की ती आपली झाली. आणि आपली झालेली वल्लरी प्रबंधाची शेवटची पानं बांधून साताऱ्याला गेली, की मग?

* * *

फेब्रुवारीत एका रविवारी आईनं तिला मलकापूरला बोलावलं. "त्या मॅडम कराडावरनंच जात्यात नव्हं दर येळंला? मग उतराया काय हुतंय?" असा निरोप गावातल्या पोराकडून उदयच्या फोनवर लिहून आला.

अंजनाबाई ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या. वल्लरी शेजारी, उदय समोर. आई आणि लेकाची आपली अशी वीस-पंचवीस खुणांची भाषा होती: जेव, झोप, शेत, पैलवान, गप बस. त्यावर अठ्ठावीस वर्षं निघाली होती. आज पहिल्यांदा दोघांच्या मधे बोलणारे हात होते आणि आईला काय सांगू न् काय नको असं झालं होतं.

"आवं मॅडम, ह्याला म्हनावं येळंवर खात जा. म्हनावं, तुझा बा फौजेतनं सुट्टीवर यायचा तवा असाच वाळून यायचा. म्हनावं, लगीन—"

वल्लरीचे हात जरा अडखळले, पण तेही सांगितलं.

मग शेंगा संपत आल्या आणि अंजनाबाई आपल्याच नादात गुणगुणू लागल्या. वल्लरीनं कान दिला. तिचे हात अलगद वर आले. पाट, उघडणं, पाणी, वाट, विचारणं नाही… उदय ताठ झाला. ही ओळ! हीच! आणि हात थांबले नाहीत. आई गातच होती, आणि हात पुढं चालत होते, अठ्ठावीस वर्षांपूर्वी जिथं बांध फुटला होता त्याच्या पुढं—

"माझा उद्या चालू लागं, कोन आडवंल त्याला!"

ही दुसरी ओळ होती. 'माझा' म्हणताना वल्लरीचा तळहात स्वतःच्या छातीवर टेकला होता.

 उदय शेंगांची फोलपटं बोटांनी चुरत बसला. मग डोळे पुसून, हसत, तिला चिडवल्याशिवाय राहवेना. "'माझा' म्हणालीस. कुणाचा?"

"आईंचा!" ती कानांपर्यंत लाल. "दुभाष्याचा 'मी' त्याचा स्वतःचा नसतो. समोरचा जे बोलेल ते सगळं, तो 'मी' म्हणाला तर 'मी'च म्हणून सांगायचं. काही गाळायचं नाही, पदरचं घालायचं नाही. तसंच शिकवलंय आम्हाला."

"आणि तुझं स्वतःचं काही बोलायचं असलं तर?"

"दुभाषी असताना… नाही बोलायचं."

"काय म्हंतोय त्यो?" अंजनाबाईंनी विचारलं.

"काही नाही, आई."

"आत्ता गं बया! आन् मगाशी तर म्हनला, काय गाळत न्हाई म्हून!"

* * *

हंबीरराव सर एप्रिलअखेर निवृत्त होणार होते. सेवाज्येष्ठतेत पहिलं नाव उदयचं होतं. पदव्या होत्या, बारा वर्षं होती. त्याचा अर्जही लिहून तयार होता… कंपासपेट्यांच्या खणात, तळाशी. तो वल्लरीच्या हाती लागला, कारण ती कर्कटक शोधत होती.

"हा इथं काय करतोय?"

"आराम." त्यानं कागद काढून घेतला. "चार वर्षांपूर्वी पर्यवेक्षकाच्या जागेसाठी दिला होता. वीरधवलरावांनी लिहून विचारलं, बहिरा माणूस फोन कसा घेणार? मला उत्तर सुचलं नाही. आता सुचलंय, पण परत त्या दारात उभं राहायचं नाही. तू प्रबंधात लिही. कागदावर होतो की मी नेता."

तिचे हात एरवी जपून चालायचे. त्या दिवशी ते कडाडले. "माझे मार्गदर्शक गेल्या आठवड्यात म्हणाले, नेतृत्वाच्या प्रकरणात मुख्याध्यापक सोडून कुणाला घेऊ नकोस. मी म्हटलं, मग ते प्रकरण कोरं जाईल! साठ मुलांनी भुवईला बोट लावलं ते मी तसंच लिहिलं. मी माझ्या दारात उभी राहिले. तू तुझ्या दारात राहा! मला कागदावरचा नेता नको आहे, मला—"

हात हवेतच थांबले.

"मला काय?"

"अर्ज," ती म्हणाली. "आज द्यायचा."

त्यानं दिला. त्याच दुपारी, सरळ संस्थेच्या कार्यालयात जाऊन. सोबत चिठ्ठी जोडली: मुलाखतीला दुभाषी हवा. संस्थेनं कुणाला बोलावलं नाही. "मॅडम येतातच की शुक्रवारी," वीरधवलरावांनी कळवून टाकलं. वल्लरीच्या अभ्यासाचा गोषवारा परवानगीच्या अटीप्रमाणं संस्थेकडं गेलेला होताच.

मुलाखत मुख्याध्यापकांच्या खोलीत. टेबलाच्या पलीकडं अध्यक्ष सुहासिनीताई, सत्तरीच्या, चष्म्यावरून बघणाऱ्या; डावीकडं हंबीरराव सर, उजवीकडं वीरधवलराव. मागं मैदानाकडं उघडणारी मोठी काचेची खिडकी. वल्लरीनं आपली खुर्ची त्यांच्या ओळीत ओढली, म्हणजे उदयला ती समोर दिसेल.

"आधीच सांगते," ती म्हणाली, आणि म्हणताना हातांनीही म्हणत राहिली, "या खोलीत जे बोललं जाईल ते सगळं मी सांगेन. मी 'मी' म्हटलं तर तो उदयसरांचा 'मी' समजायचा. माझं मत विचारू नका."

वीरधवलरावांनी घड्याळ बघितलं. "पहिला प्रश्न. फोन कोण घेणार?"

उदयचे हात उठले आणि वल्लरीचा आवाज चालू लागला. "फोन लिपिक घेतील. निरोप मला लिहून देतील, मी उत्तर लिहीन. त्याला दोन मिनिटं जास्त लागतील. पण वसतिगृहात पोर पहाटे पोट धरून बसलं तर त्याला कुठं, कधीपासून, कसं दुखतंय हे इथं कोण विचारतं? गेल्या वर्षी दोनदा मला खोलीवरून उठवून आणलं. फोन घेणारी माणसं तेव्हा जागीच होती. त्यांना विचारता येत नव्हतं."

हंबीरराव सरांनी मिशीला हात लावला आणि मान खाली घातली. "खरं हाय ते," ते पुटपुटले. वल्लरीनं तेही सांगितलं.

वीरधवलराव पुढं झुकले, आवाज खाली आणला. "मॅडम, हे त्यांना सांगू नका, पण—"

वल्लरीचे हात: मॅडम, हे त्यांना सांगू नका, पण…

"अहो, सांगू नका म्हटलं ना!"

"तेही सांगितलं," वल्लरी म्हणाली.

सुहासिनीताईंनी पदराआड हसू दाबलं. वीरधवलराव भडकले. "बरं, मग सांगाच! हा तुमचा गोषवारा. पानापानावर या गृहस्थांचं कौतुक. आणि सगळी सांगली बघते, स्टँडवर गाडीच्या काचेतून तुमचं काय चालतं ते! तर या मॅडमचं आणि तुमचं नातं काय, हे आधी कळू दे समितीला. मग ठरवू या कागदाला किती किंमत द्यायची."

 वल्लरीचा चेहरा पांढरा पडला. पण हात… हात उठले. एक शब्द गाळला नाही. सांगली, स्टँड, काच, मॅडम, तुम्ही, नातं काय. शेवटच्या खुणेलाही तिचे डोळे त्याच्यावरून हलले नाहीत.

उदयला कळत होतं. 'काही नाही' म्हटलं की गोषवारा शाबूत राहील, खुर्ची जवळ येईल. खरं बोललं की तिचा वर्षाचा अभ्यास यांच्या लेखी रद्दी, आणि आपण परत कंपासपेट्यांच्या खणात. बांधावरची आई आठवली. वाट पुसंना कुनाला.

"तो कागद बाजूला ठेवा," तो म्हणाला, आणि वल्लरीच्या आवाजानं टेबलावर थाप मारावी तसं ते म्हटलं. "मला त्या कागदावर ही जागा नको. मागं वळून बघा."

तिघं वळले. काचेपलीकडं सगळी शाळा उभी होती. ऐकणाऱ्यांनी दार लावून घेतलं होतं. पण काचेला दार कुठलं? पोरांनी पहिल्या उत्तरापासून उदयसरांचा एकूण एक शब्द वाचला होता. आवाज तर कसलाच झाला नव्हता. मयूरीनं बोट भुवईवर नेलं. मग एकेक, एकेक… साठ बोटं.

सुहासिनीताई उठल्या. काचेजवळ गेल्या. मयूरीकडं बघून त्यांनी आपल्या सुरकुतलेल्या भुवईवर बोट टेकवलं, आणि मान हलवून विचारलं — हे? मयूरीनं अशी मान हलवली की वेणी खांद्यावरून पुढं आली.

ताई जागेवर येऊन बसल्या. "माझं मत झालं. या खुर्चीवर उदयसर. हंबीरराव?"

"दोन हात वर करतो, ताई."

"दोन मतं झाली. वीरधवलराव, तुम्ही सवडीनं द्या." मग त्यांनी चष्मा पुसला. "पण प्रश्न विचारलाय तुम्ही, तर उत्तर येऊ दे. उद्या मागून कुजबुज नको. सांगा उदयसर. द्यायचं नसेल तर तसंही सांगा."

वल्लरीनं सांगितलं. सगळं, काही न गाळता.

उदय उभा राहिला. त्यानं छातीवर हात ठेवला. मी. मग प्रेमाची खूण केली, सावकाश, सगळ्यांना दिसेल अशी. आणि मग डावा तळहात पुढं धरून त्यावर उजव्या हाताचं बोट दाबलं. एकदा. दोनदा. तीनदा.

वल्लरी बघत राहिली. "ही शेवटची खूण…" तिनं हातांनी विचारलं, "ही मला माहीत नाही. कुणाचं नाव आहे?"

काचेपलीकडं पोरांना कळून चुकलं होतं. मयूरी जागच्या जागी उड्या मारत होती.

"तुझं," उदय म्हणाला. "जुलैपासून माझ्याकडं आहे. फाटकावर बटण दाबत होतीस तेव्हापासून. दिलं की तू आपली झालीस आणि मग जाशील, म्हणून दिलं नव्हतं. आता जायचं तर नाव घेऊन जा."

"काय म्हणतात ते?" वीरधवलरावांनी विचारलं.

 दुभाषी काही गाळत नाही. तिचे ओठ हलू लागले, आणि उदयनं आयुष्यात पहिल्यांदा आवडीनं ओठ वाचले.

"माझं…" ती म्हणाली, "माझं वल्लरीवर प्रेम आहे. जुलैपासून."

मग तिनं मांडीवरची फाइल उचलली आणि टेबलावर ठेवून दिली. पेन ठेवलं. खुर्ची समितीच्या ओळीतून मागं सरकवली आणि उठून टेबलाला वळसा घालून ती उदयच्या समोर येऊन उभी राहिली.

"मॅडम, आता काय चाललंय? आम्हाला सांगणार का?" वीरधवलराव म्हणाले.

"नाही," ती मागं न बघता म्हणाली. "आता मी दुभाषी नाही."

दोन्ही हात मोकळे होते. काचेपलीकडं साठ जोडी डोळे लागले होते. डाव्या तळहातावर तिनं बोट तीनदा दाबलं, स्वतःचं नाव स्वतःच्या हातांनी पहिल्यांदा घेतलं, आणि मग आवाज न करता, एकेक खूण सुटी करून त्याला सांगितलं —

"माझं काम डिसेंबरातच संपलं होतं."